रिकाम्या हॉलसाठी एक गाणं

१

बाबांनी मागे काय ठेवलं, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "नाचणारी माणसं." ऐकणाऱ्याला वाटायचं, ही विषय टाळतेय. पण ती अगदी खरं बोलत असे. बँड लागला की हाताची घडी घालून भिंतीला टेकणारी माणसं होती आसपासच्या गावांतली. बाबांनी चाळीस वर्षं गावोगावचे हॉल धरले, वादक जमवले, पोस्टरं चिकटवली आणि किराणा दुकानदारापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना जोडीजोडीने फ्लोअरवर उतरवलं. वादक त्यांना मामा म्हणत. मामा स्वतः मात्र कधी नाचले नाहीत. ते वर गॅलरीत कठड्याला पोट टेकवून उभे असत, हातात लाल काचेची छोटी बॅटरी. ती एकदा लुकलुकली की बँडने लय उतरवायची, दोनदा लुकलुकली की चढवायची. कोण दमलंय, कोण लाजतंय, कुठली जोडी घरून भांडून आलीय, हे त्यांना वरून कळायचं. याला ते फ्लोअर वाचणं म्हणत.

ती अठराव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी उभी राहून हेच शिकली. मागच्या वर्षी बाबा गेले, बॅटरी तिच्या हातात आली. हॉलच्या कमिटीने सांगितलं, चार कार्यक्रम करून दाखवा, हॉल भरला तर पुढची पाच वर्षं दर महिन्याचा एक रविवार तुमचा. नाही भरला तर फर्निचरवाला गोदामासाठी टपून बसलाच होता.

तिला नवरा मिळाला तोही याच फ्लोअरवर. एकदा बाबांना ताप होता म्हणून त्यांनी कार्यक्रम लवकर आवरता घेतला, आणि शेवटच्या दोन गाण्यांपुरती ती खाली उतरली. दातांच्या कवळ्या बनवणारा एक लांबट, शांत माणूस समोर आला आणि दोन गाण्यांत काम झालं. त्याला आता बावीस वर्षं होत आली. लग्नानंतर मात्र तो खाली आणि ती वर, अशीच वाटणी पडली. तो प्रत्येक कार्यक्रमाला यायचा, भिंतीकडच्या खुर्चीत बसायचा, जोडीदार नसलेल्या आत्याबाई-मावशींना एकेक गाणं नाचवायचा आणि मधूनच वर बघून हात हलवायचा. घरी गेल्यावर विचारायचा, "मॅडमची तारीख कधी मिळेल?" ती म्हणायची, "एवढा हंगाम जाऊ दे. मग येतेच खाली." असे किती हंगाम गेले, ते दोघांनीही मोजलं नव्हतं. या वर्षी तिने शब्द दिला होता. चौथा कार्यक्रम पार पडला की पुढच्यापासून ती निदान एक गाणं खाली उतरणार.

बाबांच्या पद्धतीतली एकच गोष्ट तिला वेळखाऊ वाटत आली होती. दुपारी तीन वाजता खुर्च्या लागल्या, फरशी पुसून झाली की बाबा सगळे दिवे लावायला सांगत, संध्याकाळी लागतात तसे. बँडने कोट घालून बसायचं आणि एक संथ गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं. आत दुसरं कुणी नाही. दार बाहेरून ओढून बाबा व्हरांड्यात उभे राहत. तिला वाटे, आवाजाचा अंदाज घेणं हा बहाणा आहे, बाबांना निवांत सिगारेट ओढायची असते.

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी बँडची गाडी वाटेत बंद पडली. मंडळी साडेचारला घामाघूम होऊन पोचली, आणि पाचला दार उघडायचं होतं. नवा साउंडवाला म्हणाला, "ताई, मी सकाळीच सगळं सेट करून ठेवलंय. आता तपासायचं काहीच नाही."

"मग दुपारचं गाणं राहू दे," ती म्हणाली.

सॅक्सोफोनवाले काका बँडचे म्होरके. बाबांबरोबर तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी गळ्यात पट्टा अडकवता अडकवता तिच्याकडे पाहिलं. "राहू दे म्हणतेस?"

"पुढच्या वेळी बघू, काका. लोक दारात उभे आहेत."

स्टँडवरचा सगळ्यात वरचा कागद काढून काकांनी घडी केली आणि खिशात ठेवला.

२

कार्यक्रम छान रंगला. तिला धाकधूक होती, ती पहिल्या अर्ध्या तासातच निवळली. लोकांनी तिच्या वडलांच्या आठवणी काढल्या, मग जोड्या उठल्या आणि फ्लोअर फिरू लागलं. ती कठड्याशी उभी राहून बॅटरी लुकलुकवत होती. आपल्याला जमतंय, या जाणिवेने तिचा ऊर भरून आला होता.

साडेसहाच्या सुमाराला तिचं लक्ष गेलं. फ्लोअरच्या उजव्या कोपऱ्याजवळ थोडी जागा मोकळी होती. दोन माणसं उभी राहतील एवढीच. जोड्या तिथपर्यंत येत, किंचित वळत आणि बाजूने जात. कुणी खाली बघत नव्हतं की थबकत नव्हतं. सवयीच्या वाटेवर खांब असावा, तितक्या सहज वळत होते.

सरबत सांडलं असेल, तिला वाटलं. नाहीतर फळी हलत असेल. मध्यंतरात कुणाला तरी पुसायला सांगावं म्हणून तिने जागा नीट हेरून ठेवली, भिंतीवरच्या तिसऱ्या दिव्याखाली.

गाणं संपायला आलं तेव्हा ती मोकळी जागा पाचव्या दिव्याखाली होती.

तिने डोळे चोळले. अठराव्या वर्षापासून फ्लोअर वाचलेली बाई ती, तिला गर्दीतल्या फटी ठाऊक होत्या. फटी पडतात आणि बुजतात. ही बुजत नव्हती. तिचा आकार तोच राहत होता आणि ती सरकत होती, सगळे ज्या दिशेने फिरत होते त्याच दिशेने, तालात. कोपऱ्यात पोचल्यावर ती जागच्या जागी एक गिरकी घ्यावी तशी थांबली आणि पुढे निघाली. गिरकी अर्थातच दिसली नाही. दिसलं एवढंच, की शेजारच्या जोडीतल्या बाईने आपला घेरदार स्कर्ट आवरून घेतला.

सगळे गेल्यावर तिने फ्लोअरची फळी न् फळी पायाने दाबून पाहिली. एकही हलली नाही. ओल नव्हती, डाग नव्हता. नवरा खुर्च्या रचत होता. "काय हरवलं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. थकल्या डोळ्यांना काहीही दिसतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती पटलीसुद्धा.

३

दुसऱ्या कार्यक्रमाच्या दिवशी गाडी वेळेवर आली. पण साउंडवाल्याच्या तारा फ्लोअरभर पसरल्या होत्या, कमिटीचे अध्यक्ष हॉल बघायला आले होते, आणि तीनचे चार कधी झाले कळलं नाही. दुपारचं गाणं पुन्हा राहिलं. खरं सांगायचं तर या खेपेला तिला ते आठवलं होतं. अध्यक्षांसमोर रिकाम्या हॉलला गाणं ऐकवत बसायची तिला लाज वाटली.

त्या संध्याकाळी मोकळ्या जागा सात होत्या. ती मोजू शकत होती, म्हणजे त्या होत्या. सात वर्तुळं, दोघांच्या मापाची, सगळी फिरणारी. आणि त्यांच्यामुळे खरी माणसं एकमेकांना खेटून नाचत होती. कोपर लागत होतं, हसत माफी मागितली जात होती.

दारावरच्या मावशी चहाचा कप घेऊन वर आल्या. त्यांच्या हातात मोजणीचं ते टिकटिक वाजणारं यंत्र असे, आत जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक टिक.

"काय गर्दी गं ही, ताई! मामांच्या वेळेची आठवण झाली. खाली पाय ठेवायला जागा नाही."

"किती झाले, मावशी?"

मावशींनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. "एकशे बेचाळीस." मग त्यांनी ते हलवून पाहिलं. "बिघडलंय वाटतं मेलं. तीनशे तरी असतील."

हॉल तीनशेंचाच होता. ती वरून पाहत होती. एकशे बेचाळीसच होते.

निघताना अध्यक्षांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "चेंगरून निघालो, पण मजा आली," ते म्हणाले. "पुढच्या वेळी लोक आणखी येतील बघा. जिथे गर्दी, तिथे गर्दी." तिला इतका आनंद झाला की तिने त्या सात वर्तुळांचा विचार जिन्यातच सोडून दिला. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. उलट सगळे खूश होते. मग आपण कशाला नसत्या शंका काढायच्या?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आरशासमोर दाढी करत होता आणि शीळ घालत होता. बावीस वर्षांत तिने त्याला शीळ घालताना ऐकलं नव्हतं. कवळ्यांच्या कामात तोंडावर सतत मास्क, शीळ घालणार कधी?

"आज स्वारी खुशीत," ती म्हणाली.

"असणारच." त्याने वस्तरा पाण्यात हलवला. "काल तू आलीस ना."

"कुठे?"

"कुठे काय? खाली. तीन गाणी नाचलो की आपण." तो आरशातूनच तिच्याकडे बघून हसला. "मला वाटलं होतं तू विसरली असशील. पण पाय अजून तसेच पडतात तुझे. डावीकडे वळताना जरा घाई करतेस, तेवढंच."

तिला हसू आलं, कारण त्याचा स्वभाव असाच. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता थापा मारायचा आणि समोरचा फसला की दिवसभर मनात हसायचा. हा टोमणा आहे, तिने ओळखलं. आली नाहीस, म्हणून आलीस म्हणतोय.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "पुढच्या वेळी घाई करणार नाही."

"नको नको, तशीच कर. मला आवडलं." त्याने तोंड पुसलं आणि जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटलं. डबा भरताना तिला जाणवलं, की तो अजून हसलेला नाही. डबा घेऊन निघेपर्यंत त्याने चेष्टा कबूल केली नाही. आणि डावीकडे वळताना ती घाई करते हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात दार लावून तिने एकटीने चार पावलं टाकून पाहिली. करत होती.

५

तिसऱ्या खेपेला ती गाणी वाचत नव्हती, माणसं वाचत नव्हती. ती फक्त नवऱ्याला बघत होती.

मावशींच्या यंत्रावर एकशे साठ झाले होते. फ्लोअरचा अर्ध्याहून अधिक भाग मोकळा होता, आणि माणसं भिंतींच्या कडेने दाटीवाटीने, घामेजून, आनंदाने नाचत होती. मधल्या रिकाम्या फरशीवर दिव्यांचा उजेड लखलखत होता. वर्तुळं आता वेगळी ओळखू येत नव्हती, ती एकमेकांत मिसळली होती.

त्या मोकळ्या मैदानात एकच माणूस होता. लांबट, करड्या कोटातला. त्याचा डावा हात बाजूला उचललेला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. उजवा हात समोर, छातीच्या जरा खाली, पंजा हलका वाकलेला. आपल्या पाठीची उंची तिला माहीत होती. त्याच्या हाताची उंची तीच होती.

तो बोलत होता. मान जरा झुकवून, थांबून ऐकून घेत, मग पुन्हा बोलत. एकदा तो मोठ्याने हसला. तिला वरून आवाज आला नाही, पण त्याचे खांदे हलले.

तिला भीती वाटली, यात वाद नाही. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं आणि ते तिने स्वतःशी लपवलं नाही. तिला मत्सर वाटला. तिने बॅटरी कठड्यावर ठेवली आणि ती जिन्याने धावत खाली आली.

खालचं दार ढकललं आणि ती थांबली. समोर पाठीच पाठी होत्या. कोट, झगे, केसांना लावलेल्या पिना, खांद्यांवरचे हात. गर्दी दारापर्यंत आली होती आणि त्या गर्दीची ऊब तिच्या तोंडावर आली, मात्र त्या उबेला कसलाच वास नव्हता. तिने वाट काढायचा प्रयत्न केला. कुणी ढकललं नाही, कुणी रागावलं नाही. पण दोन पाठींच्या मध्ये शिरावं, तर तिथे तिसरी पाठ असे.

पुढे उभ्या असलेल्या एका बाईने मान अर्धवट वळवली. गाल तेवढा दिसला. आवाज अगदी समजूतदार होता. "आज जागा नाही हो. तुम्ही वरूनच बघा ना."

ती मागे सरली. जिन्याच्या दहा पायऱ्या ती कशी चढली ते तिला कळलं नाही. वर येऊन पाहिलं, तर दारासमोरची सगळी फरशी मोकळी होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

६

काका दुपारी वाद्यदुरुस्तीच्या दुकानात बसत. ती गेली तेव्हा ते एका विलायती बासरीच्या चाव्यांखाली कातड्याच्या चकत्या बसवत होते. तिने आडपडदा न ठेवता विचारलं, "काका, ते दुपारचं गाणं कशासाठी असायचं?"

"मामांना विचारायला हवं होतंस."

"बाबा आता कुठे सांगणार? तुम्ही सांगा."

काकांनी चिमटा खाली ठेवला. "मला माहीत नाही, पोरी. खरंच नाही. त्यांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, कागदावरून नजर उचलायची नाही. गाणं पाठ असलं तरी."

"पाठ होतं तुम्हाला?"

"तीस वर्षं तेच गाणं. झोपेत वाजवेन. तरी कागद समोर ठेवायचो. ड्रमवाल्याला वाजवायला कागद लागत नाही, त्याला मामांनी कोरा कागद दिला होता."

"आणि कधी उचलली नजर?"

काकांनी एक चकती अंगठ्याने दाबून बसवली. "एकदा. फार दिवस झाले. काही नव्हतं. फ्लोअर रिकामं होतं, चकचकीत. मी म्हटलं, उगीच घाबरवतात मामा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण आमच्या पुढे पाण्याचा जग ठेवलेला असे, स्टेजच्या कडेला. त्यातलं पाणी हलत होतं. शे-दोनशे माणसं नाचताना हलतं ना, तसं."

तिने विचारलं, "मग गाणं वाजवलं की संध्याकाळी काय व्हायचं?"

"संध्याकाळी फक्त आपली माणसं असायची," काका म्हणाले. "कधी कमी, कधी जास्त. जेवढी आली तेवढी." त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "सध्या मात्र हॉल भरलेला असतो. कमिटी खूश आहे म्हणे. म्हणून मी गप्प होतो."

घरी परतताना तिने हिशोबीपणाने विचार करून पाहिला. चौथा कार्यक्रम शेवटचा. गाणं न वाजवलं, तर हॉल ओसंडून वाहणार, कमिटी सही करणार, बाबांचं नाव आणखी पाच वर्षं पोस्टरवर राहणार. वाजवलं तर दीडशे माणसं तीनशेंच्या हॉलमध्ये विरळ दिसणार. आणि नवऱ्याचं काय? तो रोज सकाळी शीळ घालत होता. चार दिवसांपूर्वी त्याने तिला विचारलं होतं, "तू घरी इतकी गप्प का असतेस? तिथे तर किती बोलतेस."

त्या एका वाक्यावर तिचा निर्णय झाला. हॉल गेला तर जाऊ दे.

७

चौथ्या कार्यक्रमाच्या दिवशी तिने सगळं बाबांसारखं केलं. पावणेतीनला खुर्च्या लागल्या, फरशी पुसली गेली, भिंतीवरचे सगळे दिवे भर उन्हात पेटले. वादक कोट घालून बसले. काकांनी खिशातून घडीचा कागद काढून स्टँडवर लावला, ड्रमवाल्याने आपला कोरा कागद समोर ठेवला. साउंडवाल्याला तिने चहा प्यायला पिटाळलं. मावशी बाहेर बाकावर बसल्या. तिने दार ओढून घेतलं आणि ती दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली.

गाणं सुरू झालं. संथ, जुनं, साधं गाणं. दाराच्या फळीतून ते तिच्या तळहाताला जाणवत होतं. मग त्याखालून दुसरा आवाज येऊ लागला. फरशीवर तळवे घासल्याचा, पुष्कळ तळव्यांचा, एका लयीत. ती घाबरली, पण तिला बरंही वाटलं. येऊ देत. नाचू देत आणि जाऊ देत.

"ताई," मावशी म्हणाल्या, "जावईबापू कुठे दिसत नाहीत?"

"चहाला गेला असेल."

"नाही गं. मघाशी मागच्या दाराने खुर्च्या घेऊन आत गेले ते."

आतून हसणं ऐकू आलं. त्याचं. मोकळं, खांदे हलवणारं.

तिच्या हाताखाली दाराची मूठ वळली, आणि तशीच थांबली. गाणं संपेपर्यंत बाबांनी चाळीस वर्षांत एकदाही दार उघडलं नव्हतं. मध्ये उघडलं तर काय होतं, हे सांगायला आता कुणी नव्हतं, आणि ते तिला त्याच्यावर करून पाहायचं नव्हतं. तिने कपाळ दाराला टेकवलं. दुसरं कडवं गेलं. तिसरं गेलं. सॅक्सोफोनचा शेवटचा सूर काकांनी नेहमीपेक्षा लवकर सोडला, असं तिला वाटलं.

तिने दार उघडलं. हॉल रिकामा होता. वादक कागदांकडे बघत बसले होते, कुणीच मान वर केली नाही. नवरा फ्लोअरच्या मधोमध उभा राहून रुमालाने मान पुसत होता.

"बरा आहेस?" तिने विचारलं.

"मस्त," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहून स्मित केलं, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे पाहून करतात तसं. मग उरलेल्या खुर्च्या उचलून तो भिंतीकडे गेला.

८

संध्याकाळी एकशे सत्तावन्न आले आणि एकशे सत्तावन्नच दिसले. फ्लोअर विरळ होतं, पण त्यात एकही मोकळं वर्तुळ नव्हतं. माणसं ऐसपैस फिरत होती, गिरक्या घेत होती. सैल पडलेल्या जोड्यांच्या मधून वारा खेळत होता. अध्यक्ष जरा खट्टू दिसले. मग त्यांच्या बायकोने त्यांना ओढून नेलं आणि दोन गाण्यांनंतर तेच म्हणाले, "आज निदान पाय तरी हलवता येतायत."

ती वरून बघत होती आणि तिचं मन भरून आलं. बाबा हेच वाचत असणार. जेवढी आली तेवढी माणसं.

आठ वाजायला आले तशी ती खाली उतरली. स्टेजजवळ जाऊन तिने बॅटरी काकांच्या हातात दिली. "उरलेली गाणी तुमच्या मनाने वाजवा. मला सुट्टी." काका डोळ्यांनी हसले. मग ती भिंतीकडच्या खुर्चीपाशी गेली. तो बसला होता, पाय लांब करून, तालावर बोटं हलवत. ती समोर उभी राहिली आणि तिला अठराव्या वर्षी वाटावी तशी लाज वाटली.

"नाचायचं?" तिने विचारलं.

तो लगेच उठला. कोट नीट केला. त्याचा हात तिच्या पाठीवर आला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, इतका तो नेमका जिथे हवा तिथेच आला. ते फ्लोअरवर उतरले आणि माणसांनी त्यांना जागा करून दिली. तिची पावलं आपोआप पडू लागली. डावीकडे वळताना तिने घाई केली आणि त्याने ती सांभाळून घेतली. एवढ्या वर्षांत आपण वर काय करत होतो, असं तिला वाटलं. तिला सुख झालं. साधं, पोटभर सुख.

"छान नाचता तुम्ही," तो म्हणाला.

ती हसली. चेष्टा सुरू झाली तर. "तुम्हीही."

"पण एकच गाणं हं. राग मानू नका." तो अदबीने बोलत होता, आत्याबाई-मावशींशी बोलायचा तसा. "बायको वाट बघत असेल."

"हो का? कुठे आहे तुमची बायको?"

"वर," तो म्हणाला. "गॅलरीत."

हा टोमणा तिने स्वतःच ओढवून घेतला होता आणि तो तिला मान्य होता. ती त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. पहिलं कडवं संपलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेची रेघ नव्हती, होता तो फक्त परक्या बाईशी नाचतानाचा सभ्यपणा. मग एका वळणावर त्याने तिच्या पाठीवरचा हात काढला, तिच्या डोक्यावरून वर पाहिलं आणि हात हलवला.

ती गॅलरीकडे पाठ करून होती. वळून बघणं अगदी सोपं होतं. ती वळली नाही, त्याच्या चेहऱ्याकडेच बघत राहिली. क्षणभर तो चेहरा वाट बघत होता. मग तो उजळला, बावीस वर्षांपूर्वी तिला पाहून उजळला होता तसा. वरून कुणीतरी त्याला हात हलवून उत्तर दिलं होतं.

त्याने हात पुन्हा तिच्या पाठीवर ठेवला, पहिल्यापेक्षा जरा सैल. गाण्याचं अजून एक कडवं बाकी होतं. तिने डोळे मिटले, त्याच्या खांद्यावरची पकड घट्ट केली आणि ती नाचत राहिली.